बोर्डावर नसलेला शनिवार

"हात खाली घ्या बाई, आणि आधी तो बोर्ड वाचा," फियाटच्या खिडकीतून म्हातारा म्हणाला.

मी हात खाली घेतला नाही. त्याच्या मागे कांद्याने भरलेल्या तीन पिकअप उभ्या होत्या आणि समोर मुलींच्या शाळेच्या फाटकाकडे निळ्या फ्रॉकांची धावपळ चालली होती. सव्वासात वाजून गेले होते. अंगावर खाकी चढून मला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि वाहतूक शाखेत येऊन सहा दिवस. आवाज मात्र पहिल्या दिवसापासून जुन्या हवालदाराचा होता.

"बोर्ड मला पाठ आहे काका. शाळेच्या वेळेत या गल्लीत गाड्यांना बंदी. मागे घ्या."

"पाठ आहे ना? मग म्हणून दाखवा."

पिकअपवाले हसले. मी मान वळवून बोर्डाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. 'शाळेसमोरील या रस्त्यावर सर्व वाहनांस प्रवेश बंद. सकाळी १०.३० ते ११.१५. सायंकाळी ५.०० ते ५.४५.' खाली नगरपरिषदेचं नाव, आणि बस.

त्या दिवशी शनिवार होता. शनिवारी शाळा सकाळची, साडेसात ते अकरा. हे आपल्याकडे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. बोर्ड रंगवून घेणाऱ्यांना तेवढं सुचलं नव्हतं.

चूक कळल्यावर माणसाने गप्प बसावं. मला ते कधीच जमलेलं नाही. माझे कान तापले आणि मी म्हणाले, "पोरी दिसत नाहीत का तुम्हाला? तुमची पुढची चाकं बोर्डाच्या आत आहेत. लायसन काढा."

लायसन त्याने काढलं नाही, कारण ते काढूनच ठेवलेलं होतं. शेजारच्या सीटवर मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ होती आणि माळेशेजारी लायसन. त्याने ते लगेच माझ्या हातात दिलं. यशवंत धोंडू कोठावदे. वय एकोणसत्तर.

"दंड भरा आणि निघा."

"दंड भरणार नाही. कोर्टात पाठवा. आणि पावतीवर सगळं नीट लिहा. वेळ तर नक्की लिहा."

त्याने सांगितलं म्हणूनच मी वेळ लिहिली नाही. कार्बन घालून दोन प्रती केल्या, एक त्याच्या हातात दिली, आणि दोन्हींवर वेळेचा रकाना कोरा ठेवला. एवढाच माझा सूड.

त्याने पावती वाचली, चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. "दर शनिवारी उभ्या राहणार का सकाळच्या?"

"राहणार! काय म्हणणं आहे?"

"काही नाही. चांगलं आहे," तो म्हणाला. चक्क खूश झाल्यासारखा दिसला. मग त्याने फियाट मागे घेतली, कोपऱ्यावर लावली आणि माळ हातात धरून गल्लीतून चालत मारुतीला निघून गेला. एवढं भांडून शेवटी चालतच जायचं होतं तर भांडला कशाला, हे मला कळेना. खडूस म्हातारा, म्हणून मी सोडून दिलं.

सोमवारी वाघचौरे साहेबांनी बोलावलं. ते आमच्या शाखेचे अधिकारी.

"घोलप, शनिवारी सकाळी तुला तिथे उभं राहायला सांगितलं कुणी?"

"शाळा होती साहेब."

"मग भामरे इतके दिवस काय करत होते?"

भामरे हवालदार माझ्या आधी त्या गल्लीवर होते. दोन वर्षं ते शनिवारी बोर्डाप्रमाणे साडेदहाला यायचे. तेव्हा पोरी वर्गात. सव्वाअकराला निघायचे, तोवर निम्म्या पोरी घरी. संध्याकाळी पाचला पुन्हा यायचे आणि कुलूप लावलेल्या शाळेसमोर पाऊण तास गाड्या अडवायचे. शनिवारी संध्याकाळी मार्केट यार्डातून रिकाम्या गाड्या परतायच्या, त्या सगळ्या वळसा घालून जायच्या आणि ड्रायव्हर भामऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पुढे एकदा मी भामऱ्यांना विचारलं, "तुम्हाला कधी विचित्र नाही वाटलं?" ते म्हणाले, "बोर्डावर आहे ना!"

साहेबांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. "हा कोठावदे मोजणी खात्यात होता. भूकरमापक. एका वितीच्या बांधासाठी लोकांना वर्ष वर्ष पळवलेला माणूस. हा सोडणार नाही. आणि तो सुटला तर काय होईल कळतंय तुला?"

मला कळत होतं. बायपासवरून मार्केट यार्डाला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे ही गल्ली. सकाळी लिलावाला आधी पोचलं की गाडीला पुढचा नंबर. दोन वर्षांपूर्वी अशाच घाईत एका पिकअपचं चाक आठवीतल्या मुलीच्या पायावरून गेलं. त्यानंतर मुख्याध्यापिका ठुबे बाई अकरा दिवस शाळेची खुर्ची टाकून गल्लीच्या तोंडाशी बसल्या होत्या. त्या अकरा दिवसांतून हा बोर्ड आला. यार्डात कांद्याचा लिलाव लावणाऱ्या आडत्यांना तो तेव्हापासून खुपत होता. आता कोठावद्यांच्या खटल्यात आडत्यांचा वकील येऊन बसणार, बोर्डच बेकायदा आहे म्हणणार आणि गल्ली खुली करून मागणार, अशी गावभर चर्चा होती.

"वेळेचा रकाना कोरा ठेवलास, देव पावला," साहेब म्हणाले. "दहा चाळीस टाक. शनिवार असो नाहीतर रविवार, दहा चाळीसला बोर्ड लागू आहे. म्हातारा सकाळी सातचं म्हणेल, तू दहा चाळीसचं म्हण. कोर्ट वर्दीवर विश्वास ठेवेल."

"पण साहेब..."

"पोरींसाठी सांगतोय. माझ्या घरचं काम नाही."

मी पेन घेतलं आणि १०.४० लिहिलं. कुणी हात धरून लिहायला लावलं नाही. मी लिहिलं.

त्याच दुपारी ठुबे बाई भेटल्या. बारीक चणीच्या, आवाज मात्र मैदानभर जाणारा. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वैजयंता, तू शनिवारी उभी राहिलीस तसं दोन वर्षांत कुणी उभं राहिलं नव्हतं. आता कोर्टातही अशीच उभी राहा." मी हो म्हणाले. दहा चाळीसचं त्यांना सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी पावणेसातलाच गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. आता मला बोर्ड खरोखर पाठ होता. त्यात शनिवार नाही, हेही पाठ होतं. तरी हात वर केला. पिकअपवाले शिव्या पुटपुटत वळले. सात वीसला क्रीम रंगाची फियाट आली. आता हा आत घुसणार, आणि याच्या मागोमाग सगळे.

म्हाताऱ्याने गाडी कोपऱ्यावर लावली. माळ घेतली, कापडी पिशवी काखेत मारली आणि चालत निघाला.

मला राहवलं नाही. "आज गाडी नाही घालत आत?"

"तू हात केला आहेस ना."

"पण माझा हात बेकायदा आहे म्हणता ना तुम्ही?"

"बेकायदाच आहे," तो थांबून म्हणाला. "पण चुकीच्या ठिकाणी नाही. बोर्डाशी माझं भांडण कोर्टात आहे. तुझ्याशी कुठे आहे?"

त्या दिवसापासून मी त्यांना अण्णा म्हणू लागले, कारण सगळं गाव तेच म्हणायचं. पण तेव्हा गाव त्यांच्याविषयी बरं बोलत नव्हतं. दूध आणायला गेले की बायका म्हणत, पोरींच्या जिवावर उठलाय म्हातारा. कुणीतरी फियाटच्या काचेवर ओल्या चुन्याने 'लाज' असं लिहून ठेवलं. त्यांनी फडका काढला, काच पुसली आणि फडका घडी करून परत ठेवला. ठुबे बाई समोरून आल्या की अण्णा नमस्कार करायचे. बाई तोंड फिरवायच्या. अण्णा पुढच्या शनिवारी पुन्हा नमस्कार करायचे.

एकदा मी म्हणाले, "दंड भरून टाका ना अण्णा. कशाला एवढं ओढवून घेताय? आडत्यांना ही गल्ली मिळाली तर पोरींचं काय?"

"मला दंड लागू होत नाही. गाडी चालवणाऱ्याला रस्त्यावर येण्याआधी कळलं पाहिजे की कधी जायचं आणि कधी नाही. तो त्याचा हक्क आहे. मग तो मी असो की पिकअपवाला."

"हक्काचंच धरून बसा तुम्ही!"

"बसतो," ते म्हणाले आणि हसले. मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी एका सायकलवाल्यालाही ओरडले. बिचारा सायकल ढकलत नेत होता.

सहा शनिवार असे गेले आणि तारीख लागली.

कोर्टाची खोली भरली होती. एका बाजूला ठुबे बाई आणि चार-पाच पालक. दुसऱ्या बाजूला आडत्यांचे दोघे-तिघे, आणि त्यांचा वकील काळा कोट सावरत बसलेला. खटल्याशी त्याचा संबंध नव्हता, पण कान इकडेच. वाघचौरे साहेब दाराशी उभे. अण्णांनी वकील दिला नव्हता. ते आरोपीच्या जागी उभे होते, पांढरा शर्ट, काखेत तीच कापडी पिशवी.

मी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं आणि मी घडलेलं सांगितलं. गाडी आत होती, लायसन घेतलं, दंड नाकारला. वेळेचं मात्र त्यांनी मला विचारलंच नाही. कागद हातात धरून म्हणाले, "पावतीत नोंदवल्याप्रमाणे, बरोबर?" मी मान हलवली.

न्यायाधीश साहेब अण्णांना म्हणाले, "साक्षीदाराला काही विचारायचंय?"

"एकच, साहेब." अण्णांनी पिशवीत हात घातला. आणि मला आठवलं. त्यांच्याकडे पावतीची दुसरी प्रत होती. कोऱ्या रकान्याची. ती बाहेर काढली की माझं संपलं. प्रोबेशनवरची शिपाई, कागदात मागाहून वेळ घातली, हे सगळ्यांसमोर दिसणार होतं.

त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, मला थांबवलंत तेव्हा किती वाजले होते?"

बाकी काही नाही. प्रत काढली नाही, आवाज चढवला नाही. जसं रस्त्यात कुणी वेळ विचारावी तसं विचारलं.

मी ठुबे बाईंकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. वाघचौरे साहेबांचा चेहरा सांगत होता, दहा चाळीस. आणि मला वाटलं, हा माणूस माझ्या हाताला मान देऊन सहा शनिवार चालत गेला. कायदा त्याच्या बाजूने होता तरी गेला. मी त्याच्या तोंडावर खोटं कशी बोलू?

"सात वीस," मी म्हणाले. "सकाळचे सात वीस. दहा चाळीस मी नंतर लिहिलंय. चुकीचं लिहिलंय."

खोलीत कुजबुज झाली. सरकारी वकिलांनी फाइल मिटली. ठुबे बाई खाली मान घालून बसल्या. मला रडू येत होतं, आणि वर्दीत रडायचं नसतं एवढंच मी स्वतःला सांगत होते.

न्यायाधीशांना फार वेळ लागला नाही. सकाळी सात वीसला फलकावर कोणतीही बंदी नाही. जी बंदी लोकांना कळवलेली नाही, ती मोडल्याचा गुन्हा होत नाही. आरोपी निर्दोष. माझ्या नोंदीबद्दल त्यांनी वेगळे ताशेरे ओढले, आणि ते मला मिळायलाच हवे होते. आडत्यांचा वकील उठून उभा राहिला, तोंडभर हसत.

"साहेब, माझा एक अर्ज आहे," अण्णा म्हणाले.

"तुम्ही सुटलात की आता."

"म्हणूनच आता देतो."

आता त्यांनी पिशवी उघडली. तीन कागद निघाले, तिन्हींवर आवक झाल्याचे शिक्के. पहिला नगरपरिषदेला, दुसरा आमच्या वाहतूक शाखेला, तिसरा प्रांत कार्यालयाला. तिन्ही एकाच विषयाचे: शनिवारी शाळा सकाळची असते, बोर्डात ती वेळ घाला आणि शनिवारची संध्याकाळ काढून टाका. सगळ्यात जुना अर्ज आठ महिन्यांपूर्वीचा. उत्तर एकालाच आलं होतं. ते अण्णांनी मोठ्याने वाचलं. "'सदर रस्त्यावर शनिवारच्या वेळेबाबत आजअखेर एकही गुन्हा अथवा वाद नोंद नाही. सबब फलकात बदल करण्याची आवश्यकता दिसून येत नाही.'"

त्यांनी चष्मा काढला. "तर साहेब, वाद नोंद होणं गरजेचं होतं. मी आठ महिने दर शनिवारी सात वीसला गाडी त्या गल्लीत घातली. हळूहळू, दहाच्या वेगाने, पोरी सांभाळत. लायसन शेजारी ठेवून. कुणीतरी अडवेल म्हणून. कुणी अडवलं नाही. तिथे कुणी नसायचंच. मग ही पोरगी आली."

मी कठड्याला धरून उभी होते.

"मी दंड भरला असता तर पावती दप्तरात गेली असती आणि बोर्ड तसाच राहिला असता. उद्या शनिवारी एखाद्या पोरीला गाडीने उडवलं, तर ड्रायव्हरचा वकील कोर्टात येऊन म्हणेल, बोर्ड वाचा, तेव्हा बंदी कुठे होती? तो बोर्ड दाखवून कुणीतरी सुटणारच होतं. पोरगी धडधाकट असताना मी सुटलो, हे बरं झालं ना? आता माझं एवढंच मागणं. निकालात लिहा की शनिवारी शाळा सकाळची असते."

न्यायाधीशांनी तिन्ही कागद वाचले आणि म्हणाले, "बोर्ड बदलणं माझ्या हातात नाही. पण हे निकालात येईल, आणि निकालाची प्रत तिन्ही ठिकाणी जाईल."

आडत्यांचा वकील उभाच होता. तो हळूच खाली बसला. आडत्यांपैकी जो थोरला होता, त्याने विचारलं, "म्हणजे शनिवारची संध्याकाळ आम्हाला मोकळी?" अण्णा त्याच्याकडे वळून म्हणाले, "मोकळीच. ती तुमची होतीच. दोन वर्षं उगाच अडवली."

बाहेर व्हरांड्यात ठुबे बाई अण्णांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात जोडले. अण्णांनी नेहमीसारखा नमस्कार केला, जणू मधले सहा शनिवार झालेच नव्हते.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "मला आधी का नाही सांगितलंत अण्णा? मी दहा चाळीस लिहिलंच नसतं."

"सांगितलं असतं तर तू मला मदत म्हणून खरं बोलली असतीस. साक्ष ही काय मदत असते का?"

"आणि ती कोरी प्रत? ती का नाही काढली?"

"लागली नाही," ते म्हणाले. पिशवीतून ती पावती काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "वेळ मात्र लिहीत जा, बाळ. रागात असलीस तरी."

पुढे माझी चौकशी झाली आणि वर्षभराची वेतनवाढ थांबली. वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्या चौकशीत मी काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, आणि त्यानंतर आजपर्यंत, हवालदार झाले, आता सहायक फौजदार झाले, कुठेही बदली झाली की पहिल्या दिवशी त्या चौकातला बोर्ड समोर उभं राहून वाचते. नवीन पोरं हसतात. हसू देत.

निकालानंतर दोन महिन्यांनी नवा बोर्ड लागला. लावताना अण्णा मोजणीचा टेप घेऊन हजर. खांबाची उंची मोजली, अक्षरांची मोजली, मग रस्त्याच्या त्या टोकाला जाऊन गाडीत बसलेल्याला तो वाचता येतो का ते पाहिलं. रंगारी वैतागला होता. शेवटची ओळ नवी होती: 'शनिवारी सकाळी ६.४५ ते ७.३० व १०.४५ ते ११.३०. शनिवारी सायंकाळी बंदी नाही.'

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सात अठ्ठावीसला फियाट आली. मी हात वर केला. तो आता पूर्ण कायदेशीर होता, आणि मला तो नेहमीपेक्षा जड वाटला. अण्णांनी गाडी बोर्डाच्या अलीकडे थांबवली, इंजिन बंद केलं आणि घड्याळाकडे पाहत बसले.

"आज चालत नाही जाणार?" मी विचारलं.

"दोनच मिनिटं आहेत. साडेसातनंतर रस्ता माझा आहे. आज गाडीने जाणार. हक्काने."

मला हसू आलं. शाळेची घंटा झाली. साडेसात वाजले. मी हात खाली घेतला आणि मोठ्या ऐटीत रस्ता मोकळा असल्याची खूण केली. मागच्या पिकअपने हॉर्न दिला.

फियाट हलली नाही.

"अण्णा, झाले साडेसात. निघा."

त्यांनी खिडकीतून बोट केलं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून दोन पोरी धावत येत होत्या, एकीची चप्पल हातात, दुसरीच्या दप्तराचा बंद तुटलेला. फाटक अजून बरंच लांब होतं.

"या दोघी बोर्डावर नाहीत," अण्णा म्हणाले. "जाऊ देत आधी."